चौथ्या किलोमीटरनंतर थांबलेला सराव

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून दोन वर्षे नियमित धावते आहे. १० किलोमीटरची माझी सर्वोत्तम वेळ ५८ मिनिटे आहे आणि ती याच वर्षीची आहे. पहिली मॅरेथॉन चार तासांत पूर्ण करायची, असे ठरवून मी १८ आठवड्यांचा सराव सुरू केला. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी आठ किलोमीटर ‘मॅरेथॉन पेस’ने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४० सेकंद या वेगाने, धावायचे होते. पहिले दोन किलोमीटर जमले, तिसऱ्यात श्वास लागला, चौथ्याला ६:०५ लागले आणि त्यानंतर मी थांबलेच. फूटपाथच्या कडेला बसून रडले आणि चालत घरी आले. रविवारचा १६ किलोमीटरचा लाँग रन ६:२५ ने छान झाला होता, त्यामुळे धक्का जास्तच बसला. आदल्या रात्री कामामुळे पाचच तास झोप झाली होती आणि नेहमीप्रमाणे सकाळी न धावता मी संध्याकाळी उकाड्यात धावले. पण या मला सबबीच वाटतात. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांनी तो सराव पूर्ण केला. जो वेग आठ किलोमीटर टिकत नाही, तो ४२ किलोमीटर कसा टिकणार? गुरुवारी तोच सराव पुन्हा करून पाहू का, की सरळ हाफ मॅरेथॉनमध्ये नाव बदलून घेऊ? बदलाची मुदत सात आठवड्यांनी संपते.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण तुम्ही आकडे फार नेटके दिले आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मेअधिक उत्तर त्या आकड्यांतच दडलेले आहे. फूटपाथवर बसून आलेल्या रडण्याबद्दल आधी एवढेच सांगतो की त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या गोष्टीत आपण पहाटेची झोप, सुट्टीचा दिवस आणि पुष्कळशी आशा घातलेली असते, ती हातातून निसटताना दिसली की डोळ्यांत पाणी येणारच. मात्र त्या क्षणी तुम्ही जो निष्कर्ष काढलात, की हे आपल्याला झेपणारे नाही, तो मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे धीर देण्यासाठी नव्हे तर गणिताने सांगतो.

चार तासांत ४२.१९५ किलोमीटर जायचे, तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंदांचा वेग लागतो, आणि तुमच्या वेळापत्रकातला ५:४० तिथूनच आलेला आहे. आता तुमची १० किलोमीटरची सर्वोत्तम वेळ पाहा. ५८ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ५:४८. याचा अर्थ असा की ज्या वेगाला कागदावर ‘मॅरेथॉन पेस’ म्हटले आहे, तो तुम्ही जीव तोडून धावलेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीतल्या वेगापेक्षाही किलोमीटरमागे आठ सेकंदांनी जलद आहे. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी एक सूत्र मांडले होते आणि धावकांच्या जगात ते आजही वापरले जाते. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता साधारण २.०८ पट होतो, असे त्याचे सार आहे. त्या सूत्राने तुमच्या ५८ मिनिटांवरून आठ किलोमीटरच्या शर्यतीचा अंदाज काढला तर तो सुमारे ४५ मिनिटे ४५ सेकंद येतो. मंगळवारी तुमच्याकडून अपेक्षा होती ४५ मिनिटे २० सेकंदांची.

म्हणजे तुम्ही मंगळवारी सरावात कमी पडला नाहीत. तुम्ही आयुष्यातली सर्वांत वेगवान आठ किलोमीटरची शर्यत धावायला निघाला होतात, तीही एकट्याने, दिवसभराच्या कामानंतर, पाच तासांच्या झोपेवर आणि कागदावर तिचे नाव ‘सराव’ असे लिहिलेले असताना. ती चौथ्या किलोमीटरला मोडली, यात शरीराचा काही दोष मला दिसत नाही. चूक झाली ती वेग ठरवताना. वेग तुमच्या आजच्या तयारीवरून ठरायला हवा होता, तो तुमच्या इच्छेवरून ठरला. ही चूक इतकी सर्रास होते की ती करणाऱ्याला दोष द्यायचे माझ्या मनातही येत नाही; बहुतेक तयार वेळापत्रके सुरुवातीलाच ‘तुमचे लक्ष्य काय’ असे विचारतात, ‘तुम्ही आज किती धावता’ असे नाही.

आता सबबींबद्दल. तुम्ही ज्यांना सबबी म्हणता, ती माझ्या मते साधी कारणे आहेत आणि त्यांची नोंद घेणे हा सरावाचाच भाग आहे. उकाड्यात धावताना शरीराला एकाच रक्ताकडून दोन कामे करून घ्यावी लागतात: पायांच्या स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि त्वचेकडे उष्णता नेऊन शरीर थंड ठेवायचे. त्यातच घामावाटे पाणी गेल्याने रक्तातला द्रवभाग घटतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक पुढे जाणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेळा धडधडते. वेग तोच असतो, पण हार्ट रेट मिनिटामिनिटाला चढत जातो. सकाळच्या गारव्यात जो वेग बरा वाटतो, तोच संध्याकाळी गळ्याशी येतो तो यामुळे. अशा हवेची सवय व्हायला शरीराला रोजच्या सरावाचे साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तुम्ही एरवी सकाळी धावणाऱ्या. एका संध्याकाळीच त्या हवेत उतरलात.

आणि रविवारचा लाँग रन, जो छान झाला म्हणून तुम्ही आनंदात होतात, तोच मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकला. रीगलच्या सूत्राने तुमच्या ५८ मिनिटांवरून मॅरेथॉनची वेळ सुमारे ४ तास २७ मिनिटे येते आणि तिचा वेग होतो किलोमीटरला ६:२०. रविवारी तुम्ही १६ किलोमीटर धावलात ते ६:२५ ने. म्हणजे तुमच्या आजच्या तयारीचा खरा मॅरेथॉन पेस तुम्ही रविवारीच, तब्बल १६ किलोमीटर, जवळपास धावून दाखवला होता. तो लाँग रन नव्हता, तो या आठवड्याचा मोठा आणि कठीण सराव होता, आणि तो तुम्ही उत्तम पार पाडला होता. मग दोनच दिवसांनी तुम्ही त्याहून कठीण सरावाला उभ्या राहिलात. स्नायूंचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे धावण्याचे मुख्य इंधन, लांबच्या धावेनंतर पूर्ववत व्हायला दीड-दोन दिवस सहज लागतात. तुम्ही मंगळवारी बहुधा पुरत्या न भरलेल्या टाकीवर धावलात.

तुमचा सावकाश धावण्याचा वेग आज किलोमीटरला ७ मिनिटे ते ७:४० च्या दरम्यान असायला हवा. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. सात मिनिटांच्या पुढचा आकडा धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर चार लोकांना दिसणार, या संकोचाने अनेक चांगले धावक रोजच मध्यम वेगाने धावत राहतात: सावकाश दिवशी गरजेपेक्षा जलद आणि म्हणूनच कठीण दिवशी गरजेपेक्षा मंद. पण मॅरेथॉनची पायाभरणी त्या सावकाश किलोमीटरांतच होते. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढणे, चरबीचा इंधन म्हणून अधिक चांगला वापर होणे, हे सारे आरामात, पूर्ण वाक्ये बोलता येतील अशा वेगाने पुष्कळ वेळ धावून साधते. धावताना शेजारच्याला दोन सलग वाक्ये न धापता सांगता आली पाहिजेत. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, तो सावकाश रन नव्हे.

तिसरा आठवडा हा तसाही फसवा काळ आहे. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, दुसऱ्यात तो पुरतो, आणि तिसऱ्यात साठलेला थकवा समोर येऊन उभा राहतो. एका सरावाचा शीण त्याच दिवशी जाणवतो, त्याचा फायदा मात्र अंगी लागायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, आणि अस्थिबंध, स्नायुबंध, हाडे यांना तर महिने लागतात. त्यामुळे सुरुवातीला आपण फक्त खर्च करत असतो आणि जमा अजून दिसायची असते. या काळात आपली ताकद मोजायला जाणे म्हणजे बी पेरल्यावर आठ दिवसांनी माती उकरून पाहण्यासारखे आहे. नीट आखलेल्या वेळापत्रकात दर तिसरा किंवा चौथा आठवडा हलका ठेवतात तो याचसाठी. तुमच्या वेळापत्रकात तो आहे का ते पाहा; नसेल, तर पुढचा आठवडाच हलका करा.

सुरुवातीच्या वाईट वाटण्यावर किती विसंबावे, याविषयी मला नेहमी २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन आठवते. त्या दिवशी थंडगार पाऊस आणि समोरून झोडपणारा वारा होता. डेझिरी लिंडन या अमेरिकी धाविकेला सुरुवातीच्या टप्प्यातच इतके वाईट वाटू लागले की आपण बहुधा शर्यत सोडणार, असे तिने सोबत धावणाऱ्या शॅलेन फ्लॅनगनला सांगितले आणि तोवर काही मदत लागली तर सांग, असेही म्हटले. पुढे फ्लॅनगनला स्वच्छतागृहासाठी थांबावे लागले, तेव्हा लिंडन वेग कमी करून तिच्यासाठी थांबलीही. शर्यत सोडायच्या बेतात असलेली हीच लिंडन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली आणि ३३ वर्षांनी एका अमेरिकी स्त्रीने बॉस्टन जिंकले. तुमची आणि तिची तयारी एका मापाने मोजता येणार नाही, आणि मंगळवारी तुम्ही नेटाने पुढे जायला हवे होते असेही मला सुचवायचे नाही. तुम्ही थांबलात ते योग्यच केलेत. पण पहिल्या टप्प्यात शरीर जे सांगते तो अखेरचा निकाल असतोच असे नाही, हे तिच्याइतकी वर्षे धावलेल्या बाईलाही त्या दिवशी आधी कळले नव्हते.

ग्रुपमधल्या सगळ्यांनी सराव पूर्ण केला, याची टोचणी तुमच्या पत्रात दोन ओळींच्या मध्ये सारखी जाणवत राहते. त्यांच्यापैकी कोणाची १० किलोमीटरची वेळ ५२ मिनिटे असेल, तर त्याच ५:४० चा सराव त्यांच्यासाठी अगदी वेगळ्या जातीचा होता. एकाच वेगाने खांद्याला खांदा लावून धावणारी दोन माणसे एकच सराव करत असतात असे नाही: एक बोलत असते, दुसरे शर्यत धावत असते. पुढच्या वेळी ग्रुपबरोबर वॉर्म-अप जरूर करा, कूल-डाऊनही करा, पण मधला भाग आपल्या वेगाने धावा आणि हे कोचला आधीच सांगून ठेवा.

आता गुरुवार. तो सराव पुन्हा करू नका. इथे मी थोडा आग्रही आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनच्या तयारीत, चौथ्या आठवड्यात, एक इंटरव्हलचा, म्हणजे जोरात धावायच्या छोट्या फेऱ्या आणि मध्ये विश्रांती असा, सराव अर्धवट सुटला आणि तो डाग धुऊन काढायचा म्हणून दोनच दिवसांनी मी तो पुन्हा करायला गेलो. पाचव्या फेरीत पोटरीत बारीक टाचणी टोचल्यासारखे झाले. तिथे थांबलो असतो तर तीन-चार दिवसांत निभावले असते. मी सहावी फेरी धावलो, आणि मग तीन आठवडे घरातल्या जिन्यावरूनसुद्धा एकेक पायरी धरून उतरत होतो. एक सराव वाचवायला गेलो आणि बारा-तेरा सराव गमावले. सुटलेला सराव सुटू द्यायचा असतो. १८ आठवड्यांत तुम्ही सत्तरएक वेळा धावायला बाहेर पडाल, त्यांतली ही एक खेप.

पुढचे दहा दिवस मी असे सुचवेन. उद्या पूर्ण विश्रांती घ्या आणि झोप भरून काढा. गुरुवारी ४० मिनिटे घड्याळाकडे न पाहता धावा, शक्य असेल तर एखाद्या गप्पिष्ट मैत्रिणीला सोबत घ्या, म्हणजे वेग आपोआप ताब्यात राहील. रविवारी लाँग रन १४ किलोमीटर, ७:१५ ते ७:३० च्या वेगाने. पहिले पाच किलोमीटर हे फारच हळू वाटेल, तरी धीर धरा. पुढच्या मंगळवारी, सकाळी, दोन किलोमीटर वॉर्म-अप करून दीड किलोमीटरचे तीन तुकडे ६:२० ने धावा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दोन मिनिटे चाला. तिसरा तुकडा संपल्यावर ‘आणखी एक जमला असता’ असे वाटले पाहिजे आणि तो न धावता घरी जायचे आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन किलोमीटरचे दोन तुकडे, आणि ते जमले की सलग सहा किलोमीटर. ज्या आठ किलोमीटरांनी तुम्हाला रडवले, ते पाच-सहा आठवड्यांनी या वाटेने तुमच्याकडे परत येतील, पण ६:२० ने, आणि कदाचित तेव्हा ६:१५ ने.

एका वहीत प्रत्येक धावेखाली चार गोष्टी लिहीत जा: झोप किती झाली, हवा कशी होती, आधीची धाव कधी आणि किती होती, आणि शेवटचा किलोमीटर कसा वाटला. वेग आणि अंतर घड्याळ लिहून ठेवतेच. मंगळवारच्या पानावर या चार ओळी तुम्ही त्याच रात्री लिहिल्या असत्या, तर मला पत्र लिहायची गरजही कदाचित पडली नसती.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून भागणार नाही. धावताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हृदयाचे ठोके अनियमित वाटले, तर धावणे थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल आणि ती चालतानाही दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला पडलेल्या बारीक भेगेची, शंका घेऊन तपासून घ्या. आणि झोप पुरेशी होऊनही दोन-तीन आठवडे पाय जडच राहिले, सकाळी उठल्याबरोबर मोजलेला हार्ट रेट नेहमीपेक्षा चढाच राहिला किंवा पाळी अनियमित झाली, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्या आणि आपण धावण्याच्या मानाने पुरेसे खातो का, हेही डॉक्टरांशी बोला. धावणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते आणि ती ‘माझ्यात जिद्दच नाही’ अशा वेषात समोर येते. तुमच्या पत्रावरून तसे काही दिसत नाही, पण दोन वर्षांत तपासणी झाली नसेल, तर करून घ्यायला हरकत नाही.

राहिला नाव बदलण्याचा प्रश्न. जो वेग आठ किलोमीटर टिकत नाही तो ४२ किलोमीटर कसा टिकणार, या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की आज तो टिकणार नाही, आणि पंधरा आठवड्यांनीही बहुधा नाही. चार तासांचे लक्ष्य या वेळेपुरते सोडून द्या, असाच माझा सल्ला आहे. रीगलचे सूत्र पहिल्यांदा मॅरेथॉन धावणाऱ्यांबाबत थोडे आशावादीच ठरते, म्हणून ४ तास २५ मिनिटे ते ४ तास ४० मिनिटे हा पल्ला मनाशी धरा. पण किती वेळात धावायचे आणि ४२ किलोमीटर धावायचे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही त्यांची गाठ मारून ठेवली आहे. वेळेचा निर्णय नवव्या आठवड्यात एखादी हाफ मॅरेथॉन धावून घ्या. सूत्रानुसार आज तुमची हाफची वेळ सुमारे २ तास ८ मिनिटे येते, आणि चार तासांच्या मॅरेथॉनसाठी ती किमान १ तास ५५ मिनिटांच्या आत यायला हवी. अंतराचा निर्णय मात्र घड्याळावर सोपवू नका. मुदत संपायच्या आधी तुमचा लाँग रन २२-२४ किलोमीटरपर्यंत पोचला असेल, त्यानंतरच्या मंगळवारी पाय पुन्हा हलके वाटत असतील आणि आठवड्यातले चार दिवस फारशी ओढाताण न होता धावणे होत असेल, तर पूर्ण मॅरेथॉनचेच नाव ठेवा. यातले काही जमत नसेल, तर हाफमध्ये बदल करून घ्या आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या हंगामात धावा. सात आठवडे हातात असताना, तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळच्या चार किलोमीटरांवरून तो अर्ज आज भरू नका. पुढच्या मंगळवारचे तीन तुकडे झाले की तिन्हींच्या वेळा आणि त्याखालच्या चार ओळी मला कळवा. त्याच्या पुढच्या आठवड्याचे वेग आपण त्यावरून ठरवू.